आधी मोजा, मग मला न्या

मी एक जुना किरणमापक आहे. हे नाव माझ्या पाठीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर कोरलेले आहे आणि ते तिथेच राहिले. गावात मला त्या नावाने कधी कोणी हाक मारली नाही. सगळे मला 'पेटारा' म्हणतात आणि खरे सांगायचे तर मला तेच आवडते. मी दिसतोही तसाच. जाड शिशाच्या भिंती, वर तसेच जड झाकण, आत एक पातेले मावेल एवढी जागा आणि समोर काचेमागे एक काटा. काट्याच्या वाटेवर मध्येच एक तांबडी रेघ आहे. माझे सगळे आयुष्य त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे करण्यात गेले.

मित्रांनो, आज बाहेर ट्रक उभा आहे. तो मला भंगारात न्यायला आला आहे. अशा वेळी जुन्या वस्तू गंज दाखवतात, गळा काढतात, दया मागतात. मी मागणार नाही. जाण्याआधी मला एका डब्याची गोष्ट सांगायची आहे. ती ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, भंगार कोण आहे ते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगावर इतके शिसे चढवले की मला उचलताना कामगारांच्या तोंडून चांगला शब्द म्हणून निघाला नाही. शिसे कशाला, असे तुम्ही विचाराल. माझ्या आत जे ठेवतात त्यातून किरण निघतात का, हे ऐकणे माझे काम. ते फार बारीक असते. बाहेरच्या किरणांचा गोंगाट आत आला तर ते ऐकू येणार नाही. म्हणून मला असे जाड कान दिले आहेत.

त्याच सुमारास दूर कुठेतरी एका अणुवीज केंद्रात अपघात झाला. दूर म्हणजे इतके दूर, की त्या केंद्राचा एक दिवाही या गावाला कधी मिळाला नव्हता. पण धूळ मिळाली. वाऱ्याने ती आणली आणि पावसाने ती रानात, कुरणात, कौलांवर बसवली. ती दिसत नव्हती, तिला वास नव्हता आणि चवही नव्हती. गवतातून ती गाईच्या पोटात जाई, गाईतून दुधात आणि दुधातून मुलांच्या अंगात. माणसांनी आधी तिची भीती घेतली. मग भीतीचाही कंटाळा आला आणि त्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला. दोन्हींनी धुळीचे काही बिघडले नाही.

मला या दूध संकलन केंद्रात आणून ठेवले ते तेव्हाच. खोली साधी होती. फरशी सतत ओली, भिंतीला दुधाच्या कॅन, कोपऱ्यात वजनकाटा आणि खिडकीखाली टेबलावर मी. माझ्यावर नेमणूक झाली ती टपालकाकांची. गावातली निम्मी घरे रिकामी झाल्यावर टपाल कार्यालय बंद पडले होते आणि काका घरी बसून बायकोच्या शिव्या खात होते. मोजणीचे काम मिळाले तसे त्यांनी पुन्हा डोक्यावर टोपी चढवली. सायकलची घंटी काढून त्यांनी माझ्या टेबलाच्या कडेला पक्की केली. काटा रेघेच्या अलीकडे थांबला की ते घंटी वाजवत. पलीकडे गेला की हात खिशात घालत आणि आकडा तेवढा सांगत. कोणी म्हणाले, "काका, जरा कमी सांगा की," तर ते म्हणत, पत्रातला मजकूर बदलणे टपालवाल्याचे काम नाही.

सुरुवातीला लोकांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडले. किराणावाल्याने तर गावभर सांगितले की हा आल्यापासूनच सगळे वाईट निघायला लागले, आधी कुठे काही होते. एकदा माझी वायर कोणीतरी कापली. काकांनी ती जोडली आणि दुसऱ्या दिवशी मी किराणावाल्याच्या वाळवलेल्या अळंब्यांवर असा काटा फिरवला की त्याच्या तोंडचे पाणी पळाले. मला त्या दिवशी फार बरे वाटले. मी कोणाचा नोकर नाही, मित्रांनो. माझ्या पोटात जे ठेवाल त्याचेच मी उत्तर देतो, आणि ते कोणाच्या तोंडाकडे पाहून देत नाही.

हळूहळू लोक शिकले. रानातली अळंबी खायची नाही. पालेभाजी तीन पाण्यांत धुवायची. चुलीची राख वाफ्यात टाकायची नाही. आणि रानाच्या कडेला चरणाऱ्या गाईचे दूध प्यायचे नाही, त्याचे लोणी करायचे. हे शेवटचे वरच्या लोकांनी येऊन सांगितले होते, कारण ती धूळ लोण्यात जवळजवळ उतरतच नाही. ते खरे होते. गावचे लोणी माझ्याकडे येई आणि घंटी वाजे. ते बाजारात जाई आणि गावाच्या चुली पेटत.

सगळ्यांत चांगले लोणी एका बाईचे असे. तिला सगळे लोणीवाली म्हणत. नवरा लांबच्या रस्त्यांवर डांबर टाकायच्या कामावर, अधूनमधून घरी येणारा. घरात ती, तिची मुलगी आणि एक काळी गाय. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला भिंगरी म्हणत. लोणीवाली बोलायला फटकळ आणि कामाला वाघ होती. मोजायला दिलेले लोणीसुद्धा ती शेवटच्या बोटापर्यंत पुसून परत नेई. तिच्या घरात काही म्हणून वाया जात नसे आणि याचा तिला अभिमान होता.

वर्षातून काही वेळा केंद्राच्या अंगणात एक पांढरी गाडी येई. तिच्यात एक खुर्ची होती. मुलांना त्या खुर्चीत बसवून त्यांच्या अंगात किती धूळ साठली आहे ते मोजत. खुर्ची माझी नातेवाईक म्हणायला हरकत नाही, फक्त ती पातेल्याऐवजी मुले घेते. गाडीबरोबर एक डॉक्टरीणबाई येत. बाई शांत होत्या आणि मुलांशी खोटे बोलत नसत.

भिंगरीचा आकडा वाढत होता. गावातल्या बऱ्याच मुलांचे आकडे म्हणावे तसे उतरत नव्हते, पण भिंगरीचा दर खेपेला चढतच होता. असे मूल शहरातल्या वसतिगृहात ठेवायचे, असा नियम होता. तिथले अन्न दुरून येई. मुले तिथे वर्षे काढत आणि आई-बाप त्यांना सुटीच्या दिवशी भेटत.

एके दिवशी सकाळी गाडीच्या दारात डॉक्टरीणबाईंनी लोणीवालीला तेच सांगितले. आठवड्याभरात बस येईल, कपडे भरून ठेवा. लोणीवाली तडक आत आली आणि तिने माझ्या झाकणावर थाडकन हात मारला.

"हा पेटारा खोटं बोलतो. माझं लोणी दर वेळी रेघेच्या अलीकडं येतं. मग पोरीच्या अंगात हे येतंय कुठून?"

मला काय झाले असेल ते तुम्हाला कळणार नाही. मी शिशाचा आहे, मार मला लागत नाही. पण खोटारडेपणाचा आळ लागतो. मी ओरडू शकत नव्हतो. काका टोपी हातात घेऊन उभे होते. ते एवढेच म्हणाले की घरात जे जे तोंडात जाते ते सगळे घेऊन ये, एकेक मोजू.

ती गेली आणि हातगाडी भरून घेऊन आली. बटाटे, कोबी, पीठ, अंडी, विहिरीचे पाणी, मुरंबा, चहाची पूड, मीठसुद्धा. तिने गाडी दारात उलटी केली म्हणा ना. डॉक्टरीणबाईंना पुढच्या गावी जायचे होते, पण त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितले आणि त्या दुधाच्या एका उपड्या कॅनवर बसल्या. काका चिरत होते, पातेल्यात भरत होते, झाकण लावत होते. मी मोजत होतो. बटाटे, घंटी. कोबी, घंटी. पीठ, घंटी. घंटी वाजली की एरवी माणसे हसतात. त्या दिवशी प्रत्येक घंटीला त्या बाईचा चेहरा आणखी उतरत होता. सगळे चांगले निघत असेल तर पोरगी जाणार, हे तिला कळत होते. मी एकदा तरी पलीकडे जावे म्हणून ती माझ्या काट्याकडे आशेने पाहत होती. असे माझ्याकडे त्याआधी कोणी पाहिले नव्हते.

दुपार टळली. आणलेले सगळे मोजून झाले. काकांनी हात टेकले. भिंगरी इतका वेळ अंगणात उड्या मारत होती, ती तहानलेली आत आली. तिने आईच्या पिशवीतून एक बाटली काढली, बूच दातांनी उघडले आणि घटाघटा पिऊ लागली.

"ते काय आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"ताक," लोणीवाली म्हणाली. "ते काय मोजायचं? लोणी काढून उरलेलं ते."

मित्रांनो, डॉक्टरीणबाई कॅनवरून उठल्या. काकांनी भिंगरीच्या हातून बाटली हळूच काढून घेतली. त्यांनी ताक माझ्यात ओतले आणि झाकण लावले. मी ऐकू लागलो आणि काय सांगू, मला जाड कानांची गरजच पडली नाही. काटा रेघेपाशी आला आणि थांबलासुद्धा नाही. काकांचा हात खिशात गेला.

धूळ लोण्यात उतरत नाही, हे खरेच होते. पण मग ती जाते कुठे? ती सगळी मागे ताकात राहते. लोणी बाजारात जायचे, कारण त्याचे पैसे येत. आणि उरलेले ताक घरात, पोरांना. या गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले होते. चांगले ते विकायचे आणि राहिलेले ते आपल्या माणसांनी खायचे. लोणीवालीकडे लोणी सगळ्यांत जास्त निघे, म्हणून ताकही जास्त उरे. आणि ती काही वाया घालवणारी नव्हती.

ती भिंतीला टेकून खाली बसली. फरशी ओली होती, तिच्या लक्षातही आले नाही. तिथूनच ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "दूध देऊ नका म्हणालात, मी नाही दिलं. ताकाचं कुणी बोललंच नाही."

"नाही बोललो," बाई म्हणाल्या. "लोणी करा असं सांगून आम्ही मोकळे झालो. त्यापुढे तुमच्या घरात काय होतं ते आम्ही विचारलं नाही. ही चूक आमची आहे."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरलो नाही. मुलांच्या अंगातून ही धूळ लवकर निघून जाते. फक्त नवी आत जाता कामा नये. हे ऐकल्यावर लोणीवाली उठली. तिने पदराने नाही, पालथ्या हाताने डोळे पुसले आणि सरळ सांगितले की पोरगी कुठेही जाणार नाही, पुढच्या खेपेला या आणि मोजा. बाईंनी खूप विचार केला. कारण सापडले असेल तर एक खेप थांबता येईल, असे त्या म्हणाल्या. पण एकच. आकडा उतरला नाही तर बस येईल आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राचे दार उघडले तर बाहेर बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात झाकलेला डबा. एकमेकींना ताकास तूर लागू न देता निघालेल्या सगळ्या इथे येऊन समोरासमोर उभ्या होत्या. एकेक डबा माझ्यात रिकामा झाला. त्या सकाळी घंटी फार थोड्या वेळा वाजली. केंद्रामागच्या खड्ड्यात ताक ओतले जात होते आणि ओतताना त्या बायका तोंड फिरवत होत्या. ज्या घरांनी ताकाचा थेंब कधी सांडू दिला नाही, त्या घरांना हे किती जड गेले असेल ते मी पाहिले आहे.

किराणावाला दारात येऊन म्हणाला, की कशाला एवढी उरस्फोड, सरळ गाव सोडा, शहरात मोऱ्या धुतल्या तरी पोट भरेल. लोणीवालीने डबा खाली ठेवला.

"हे गाव मी घाण केलेलं नाही," ती म्हणाली. "मग मी का निघू?"

त्यानंतर गावाने कंबर कसली, असे मी म्हणतो कारण मी खिडकीतून पाहत होतो. घरांजवळचे पडीक कुरण खोल नांगरून वरची माती खाली घातली. मुळांनी धूळ कमी उचलावी म्हणून त्यात पोटॅशचे खत टाकून नवे गवत पेरले. ते हाताशी येईपर्यंत दुरून चारा आणला. रानाच्या कडेला गुरे न्यायची नाहीत म्हणून तारा ओढल्या. डॉक्टरीणबाईंनी एक निळी भुकटी पाठवली. ती गाईच्या आंबोणात मिसळायची. ती पोटातली धूळ धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. ते शेणही वेगळे पुरायचे, भाजीला घालायचे नाही. काळी गाय पहिल्या दिवशी आंबोण हुंगून मागे सरली आणि लोणीवालीने तिला माणसाला द्याव्यात तशा शिव्या दिल्या. मग गाय मुकाट्याने खाऊ लागली.

भिंगरी त्या दिवसांत पाण्यावर आणि डॉक्टरीणबाईंनी धाडलेल्या दुधाच्या भुकटीवर राहिली आणि तिने त्याबद्दल बोंब मारून घर डोक्यावर घेतले. लोणीवाली मात्र दर घुसळणीचे ताक माझ्याकडे आणत होती. काटा रेघेच्या पलीकडे. मग पलीकडेच, पण कमी. मग रेघेवर रेंगाळणारा. काका आकडा सांगत, ती डबा खड्ड्यात ओते आणि जाई.

एका सकाळी काटा रेघेच्या अलीकडे थांबला. काकांनी चष्मा पुसला. झाकण उघडून पुन्हा लावले आणि मला परत मोजायला लावले. मी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा त्यांनी घंटी वाजवली आणि थांबेचनात. लोक घरांतून बाहेर आले. लोणीवाली माझ्यावर हात ठेवून उभी होती, मारलेल्या जागीच. ती माफी मागणाऱ्यांतली नाही आणि मलाही ती नको होती.

पांढरी गाडी आली. भिंगरी खुर्चीत बसली, म्हणजे तिला बसवून धरले. डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजले. मग त्या गाडीतून उतरून लोणीवालीजवळ आल्या आणि म्हणाल्या की निम्म्याहून खाली आला आहे, बस येणार नाही. भिंगरीने लगेच विचारले की आता ताक मिळेल का. मिळाले. सगळ्यांसमोर, मोजलेले, भांडे भरून.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. शाळेतली मुले मला बघायला येत, लांबच्या गावांचे लोक डबे घेऊन येत. लोणी आणणारा ताकही आणू लागला. पण चांगले दिवस फार बोलके नसतात. आकडे उतरत गेले तशी रांग आटली. गाडी यायची बंद झाली. काका गेले. त्यांची टोपी बरेच दिवस माझ्या झाकणावर होती, मग तीही कोणीतरी नेली आणि तिथे पेंडीची पोती आली. आणि आता वरून हुकूम आला आहे की धोका संपला, केंद्र बंद करा, यंत्र भंगारात काढा.

धोका संपला असे कोणी मोजले? माझ्यात कोणी काही ठेवले नाही, मला विचारले नाही. रानातली धूळ अजून तिथेच आहे. ती हुकूम वाचत नाही. तारा गंजल्या आहेत आणि गुरे पुन्हा कडेला जाऊ लागली आहेत. हे मला खिडकीतून दिसते.

म्हणून सांगतो, मला सांभाळा असे मी म्हणणार नाही. माझ्याऐवजी नवे यंत्र आणा, हातात मावणारे आणा, माझी हरकत नाही. पण मोजणे सोडू नका. आणि मोजाल तेव्हा बाजारात जाणारे तेवढेच मोजू नका. घरात मागे काय राहते आणि ते कोणाच्या ताटात जाते, तेही मोजा. आपल्या माणसांना उरलेले देताना आधी ते नीट पाहा.

मित्रांनो, मजुरांनी आत्ताच माझ्या पोटाखालून दोर घातले होते. तेवढ्यात दारात दोघी आल्या. एक पिकल्या केसांची, तिचा हात मी ओळखतो. दुसरीच्या कडेवर बाळ आहे आणि तिचा एक पाय अजूनही जागेवर ठरत नाही. तिने पेंडीची पोती खाली ओढली, माझा प्लग लावला आणि टेबलावर डबा ठेवला.

"आधी हे मोजून होऊ द्या," भिंगरी ड्रायव्हरला म्हणाली. "मग न्या."

किती वेळ लागेल, असे त्याने वैतागून विचारले. तिने बाळाला आईकडे दिले आणि दाराबाहेर बोट दाखवले. अंगणातून रस्त्यापर्यंत बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात झाकलेला डबा.

"तेवढे होईपर्यंत," ती म्हणाली. "आणि उद्या परत येतील."

ड्रायव्हर पायरीवर बसला आहे. मजुरांनी दोर सोडले आहेत. झाकण जड आहे, पण तिने एकटीने उचलले आणि आतल्या पातेल्यात ताक ओतले. घंटी अजून टेबलाच्या कडेला आहे आणि लोणीवालीचा हात तिच्यावर आहे.

आता जरा गप्प बसा. मी मोजतो आहे.